एका बाजारापुरती जागा

प्रेमिला फुकटचा सांबार देत नाही. आमच्या भागात पावभर वांगे घेतले की वरून चार काड्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, टाकायची रीत आहे, पण ती टाकत नाही. मागितला तर म्हणते, "बाई, सांबार का माह्या घरच्या नळाले येते?" नवीन गिऱ्हाईक रागावून पुढच्या दुकानावर जाते आणि दुसऱ्या गुरुवारी मुकाट्याने परत येते. कारण प्रेमिलाच्या तराजूत सडका टमाटर जात नाही. ती एकेक फिरवून पाहते आणि डागी निघाला की मागे फेकते.

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते, मोठ्याने बोलते, आणि भांडायचं ठरवलं तर चार दुकानं पलीकडच्या बाईशीही जागेवरून न उठता भांडते. रंगाने सावळी, हाडाने मजबूत. कॉटन मार्केटच्या ठोक भाजीबाजारातून पहाटेच माल उचलते, ऑटोत तीन बाया मिळून टाकतात, आणि आपला बोरा आपणच खाली घेते, ऑटोवाल्याला हात लावू देत नाही.

तिचा नवरा रुपराव कामठीला पावरलूमवर होता. माग बंद पडले, मालकाने ते भंगारात काढले, रुपराव घरी बसला आणि बसल्या बसल्याच एक दिवस गेला. मग प्रेमिलाने डोक्यावर टोपलं घेतलं. पहिल्यांदा माझ्या दाराशी आली तेव्हा म्हणाली, "जय भीम, आजी." मी म्हटलं, "राम राम, बाई. वांगे कसे देलेस?" तिने भाव सांगितला आणि आमचं भांडण झालं. त्या भांडणाला आता इतकी वर्षं झाली की ते आमच्या नात्याचं कारण झालं आहे.

आमचा लेआउट, म्हणजे ही प्लॉटांची वस्ती, पडला तेव्हा मधात एक मैदान सोडलं होतं. लेआउटवाल्याने आपखुशीने सोडलं नाही, सोडावं लागते म्हणून सोडलं. नकाशात त्यावर 'सार्वजनिक वापराकरिता' असं लिहिलं आहे म्हणतात. मी नकाशा पाहिला नाही, वापर पाहिला. सकाळी म्हातारे फिरतात. उन्हाळ्यात बायका कुरड्या वाळू घालतात आणि एकमेकींच्या कुरड्यांना नावं ठेवतात. संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. लग्न असो, तेरवी असो, मांडव तिथेच पडतो. आणि गुरुवारी बाजार भरतो. भरतो म्हणजे भरत होता. माझं घर मैदानाच्या तोंडावरच आहे. गुडघे गेल्यापासून गुरुवार हाच माझा बाहेर पडायचा दिवस.

त्या बाजारात कडुलिंबाखालची जागा प्रेमिलाला एका म्हाताऱ्या भाजीवालीने दिली. म्हातारी थकली होती, मुलगा पुण्याला घेऊन चालला होता. जाताना प्रेमिलाचा हात धरून तिने तिला त्या जागेवर बसवलं, दोन बाजूच्या बायांना सांगितलं, "आजपासून ही," आणि झालं. त्याच दिवशी प्रेमिला टोपलंवालीची दुकानवाली झाली. डोक्यावरचं ओझं खाली आलं. तिने त्याच जागेवर बसून पोरगी शिकवली, तिचं लग्न केलं.

बाजारात जागेचे कागद नसतात. बाजार उठला की बाई आपल्या जागेवर फाटक्या बोऱ्याचा तुकडा अंथरते, त्यावर एक दगड ठेवते आणि घरी जाते. आठवडाभर तो दगड तिथेच राहतो. क्रिकेटवाली पोरंसुद्धा हलवत नाहीत. पण अडचण प्रत्येकाला येते. कोणाकडे लग्न असते, कोणाची सून बाळंत होते. किंवा भंडाऱ्याकडून कोणी सिंगाडे घेऊन येतो आणि त्याला एकदाच बसायचं असते. तो म्हणतो, "एका बाजारापुरती जागा दे, माय." द्यायची. भाडं नाही, बोली नाही. दुसऱ्या गुरुवारी जागा झाडलेली मिळते आणि बोऱ्यावर त्याच्या मालातलं मूठभर ठेवलेलं असते, सिंगाडे तर सिंगाडे, मिरची तर मिरची. परत मागायला कोणी जात नाही. मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं.

माझ्या पाहण्यात एकदाच असं झालं की घेतलेली जागा माणसाने परत केली नाही. सुकी मच्छी विकणारा होता. त्याने रुखमाबाईची जागा एका बाजारापुरती घेतली आणि दुसऱ्या गुरुवारी परत तिथेच बसला. रुखमाबाई कांदे-लसूण विकते, प्रेमिलाच्या शेजारी. तो माणूस मंगळवारी दुसऱ्या वस्तीच्या बाजारात बसायचा. रुखमाबाई मंगळवारी तिथे गेली, आणि त्याच्याच दुकानात, त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून, कांदे मांडून बसली. शिवी नाही, तक्रार नाही. दिवसभर त्याचं गिऱ्हाईक विचारत होतं की ही बाई कोण. गुरुवारी जागा मोकळी होती आणि बोऱ्यावर बोंबलांचा ढीग होता. रुखमाबाई माळकरी. बोंबील प्रेमिलाने नेले.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढे जे झालं ते प्रेमिलाच्या मूर्खपणाने झालं असं कोणाला वाटू नये. ती तिच्या रीतीने शहाणीच वागली.

श्रीधरभाऊ आमच्याच लेआउटमधला. मागच्या गल्लीत त्याचा बंगला, काळ्या फाटकाचा. धंदा प्लॉट विकायचा. ज्याला आपण जमीन म्हणतो त्याला तो 'माल' म्हणतो. पूर्वी नमस्कार केला तर मान हलवायचा. विधानसभेला उभा राहिला तेव्हापासून दिसेल त्याच्या पाया पडू लागला. माझ्या इतक्या वेळा पडला की सून म्हणाली, "आई, दारातच बसत नका जाऊ."

ही माझी सून मिनल. धंतोलीतल्या एका दवाखान्यात काम करते. घरात पेपर तीच वाचते.

दिवाळीच्या बाजारात भाऊ आला. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, झेंडूची फुलं, लाह्या, बत्तासे, सगळं एकमेकांच्या अंगावर. भाऊ प्रेमिलाच्या दुकानासमोर उकिडवा बसला, हातात लवकी, म्हणजे दुधी, घेतली आणि फोटोवाल्याकडे पाहून हसला. लवकी त्याने उलटी धरली होती.

"काय मावशी, धंदा कसा काय?"

"तुमी उठले तं होईन. मांगं गिऱ्हाईक उभं आहे."

आजूबाजूच्या बाया हसल्या. भाऊही हसला. त्याच्यासोबत चंद्रभान होता. हा पूर्वी मांडवाचं काम करायचा, आता भाऊचं सगळंच काम करतो. तो हसला नाही.

भाऊ म्हणाला, "मावशी, एक काम होतं. पुढच्या गुरुवारी आपली सभा आहे, इथंच. मोठे नेते येऊन राहिले. मैदान पाहिजे."

"गुरुवारी बाजार असते."

"म्हणून तं विचारून राहिलो. तुम्ही सांगितलं तं सगळ्या ऐकतात म्हणे. एका दिवसाचा प्रश्न आहे."

प्रेमिलाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "एका बाजारापुरती?"

"एका बाजारापुरती, मावशी. शब्द माझा."

त्याने तिचेच शब्द तिला दिले, आणि तिला वाटलं की हा बाजारातला माणूस आहे. दिवाळीला ती भाजीसोबत लाह्याही विकते. त्या विकून झाल्यावर ती दुकानादुकानावर फिरली. रुखमाबाई तेवढी कुरकुरली.

"मोठ्या माणसाले जागा देली तं वापस मांगाले लाज वाटते वं."

"मांगा काहून लागते? आजवर कोनाले मांगा लागली?"

"मच्छीवाल्याले."

"त्यालेबी मांगितली नाही तुवं. बसली फक्त."

संध्याकाळी ती माझ्याकडे लाह्या घेऊन आली तेव्हा मिनल घरी होती. मिनल म्हणाली, "मावशी, निवडणुकीचा माणूस आहे. दोन ओळी लिहून घ्या त्याच्याकडून."

प्रेमिलाला ते आवडलं नाही. "जागेचं कोनी लिहून घेते काय, बाई? लिहून घेतलं म्हंजे तुह्यावर इश्वास नाही असं तोंडावर सांगितल्यावानी होते."

पुढच्या गुरुवारी सभा झाली. मी माझ्या दारातच खुर्ची टाकून बसले, भोंगा इतका मोठा होता की आत बसून काही फायदा नव्हता. प्रेमिला माल न आणता आली होती, जागा दिली तर निदान काय होते ते पाहावं म्हणून. ती माझ्या पायरीवर बसली.

मोठे नेते उशिरा आले आणि लवकर गेले. मग भाऊ बोलला. पावरफुल बोलला म्हणे. मला त्यातलं जे समजलं ते असं. या शहरात जमीन झोपली आहे. जमिनीच्या फुटाफुटाने कमाई केली पाहिजे. हे मैदान पाहा, केवढ्या किमतीचं, आणि त्यावर आठवड्यातून एक दिवस भाजी विकतात, बाकीचे दिवस बकऱ्या फिरतात. सरकारला यातून काय मिळते? काही नाही. हा देशाचा तोटा आहे.

मी सकाळी तिथे फिरायची, गुडघे चांगले होते तेव्हा. म्हणजे मी देशाच्या तोट्यात फिरत होते.

मग बजेट निघालं. तो म्हणाला, बजेटमध्ये पैसा कमी नाही, खर्च करायची हिंमत कमी आहे. मार्चच्या आत निधी खर्च झाला नाही की परत जातो. मी एक रुपया परत जाऊ देणार नाही. यावर टाळ्या पडल्या. मला टाळ्या वाजवणाऱ्यांचीच शिसारी आली. माझ्या संसारात महिनाअखेरीला डब्यात तेल उरलं तर ते पुढच्या महिन्याला पुरलं. यांच्या घरी उरलं तर ते मोरीत ओतायचं, नाहीतर पुढच्या महिन्याला कमी मिळेल. आणि जो मोरीत ओततो त्याला हिंमतवाला म्हणायचं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, बजेट मला कळत नसेल. पण मोरी कळते.

शेवटी त्याने सांगितलं की या मैदानावर एक भव्य भाजी संकुल होणार. खाली पार्किंग, पहिल्या माळ्यावर भाजीचे ओटे, त्यावर हॉल, त्यावर ऑफिसं. वडिलांचं नाव देणार, मधुकरराव भाजी संकुल. वडील मधुकरराव मला माहीत होते. साधा माणूस, सायकलवर भाजी न्यायचा, मुळ्याची पानं मागे लोंबत असायची.

प्रेमिलाने मला विचारलं, "आजी, हे कुठं बनून राहिलं?"

"इथंच म्हणते."

"इथं तं आमी बसतो."

"तुमी वर बसा म्हणते. पहिल्या माळ्यावर."

ती हसली. "भाषन हाय आजी. इलेक्शनमंधी बोला लागते तसं."

तिची चूक काय ती एवढीच. भाषण तिने भाषण म्हणून सोडून दिलं आणि शब्द शब्द म्हणून धरला. तिला ती दोन वेगळी तोंडं वाटली.

सभा उठली. मैदानावर कागदी प्लेटा, पाण्याचे पाऊच, आलुबोंड्याचं तेल लागलेले पेपर, आणि मांडवाचे खिळे. कोणी झाडलं नाही. शनिवारी सकाळी एक ट्रक आला आणि टिनाचे पत्रे उतरवून गेला. रविवारी मैदानाच्या चारही बाजूंनी पत्रे उभे झाले. मी चंद्रभानला विचारलं, "काय करून राहिले गा?"

"सफाई आहे आजी. लोकांच्या सुरक्षेसाठी."

मिनल म्हणाली, आता आचारसंहिता आहे, काम सुरू करता येत नाही. तिने फोन करून विचारलं. कोणाला फोन लावला मला माहीत नाही, पण तिकडून सांगितलं की काम सुरूच नाही, तर बंद काय करायचं, निवडणूक झाल्यावर या. म्हणजे निवडणुकीच्या दिवसांत भिंत बांधता येत नाही, पत्रे लावता येतात. रस्ता करता येत नाही, अडवता येतो. हा कायदा ज्याने केला तो भाऊचाच माणूस असावा.

गुरुवारी पहाटे ऑटो आले. बाया उतरल्या, बोरे उतरले, आणि समोर पत्रे. काही जणींना वाटलं मांडव काढायचा राहिला. पत्र्यांमधल्या फाटकाला कुलूप होतं. मी पायरीवर उभी होते. प्रेमिला बोरा खाली टाकून पत्र्यापाशी गेली आणि दोन पत्र्यांच्या फटीला डोळा लावून बराच वेळ आत पाहत राहिली.

मी विचारलं, "काय पाहून राहिली वं?"

"माही जागा."

"मंग?"

"झाडली नाही." फटीवरचा डोळा न काढता म्हणाली, "ठेवलंबी काही नाही."

अख्खं मैदान कुलपात गेलं होतं आणि ही पाहत होती की जाताना माणसाने मूठभर काही ठेवलं की नाही. मला आधी हसू आलं. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. पायाखाली काही घाण यावी आणि पाय उचलून पाहावं, तसा तो चेहरा होता.

मेथी उन्हात टिकत नाही. बाया तशाच उठल्या आणि भाऊच्या प्रचार कार्यालयात गेल्या. कार्यालय चौकातच आहे. मीही काठी घेऊन मागून गेले. तिथे खुर्च्या होत्या, चहा आला, आलुबोंडे आले. प्रेमिलाने चहाला हात लावला नाही.

भाऊ फारच गोड बोलला. "मावशी, तुमच्यासाठीच तं चाललं आहे सगळं. उन्हात बसता, पावसात बसता. मला बघवत नाही."

"आमची जागा देऊन द्या, भाऊ. एका बाजारापुरती म्हणून नेली होती."

"जागा का मी खिशात घालून नेली? तिचा विकास होऊन राहिला."

"तवा असं नाही बोलले तुमी."

"मावशी, समजून घ्या. मैदान म्हटलं की त्याले निधी मिळत नाही. बजेटात मैदानाचं हेडच नाही. संकुल म्हटलं की हेड आहे. हेड असलं की पैसा, पैसा असला की टेंडर. जागेचा वापर बदलून घेऊ आपण. तुम्हाले ओटा नंबर एक. आताच सांगून ठेवतो, चंद्रभान, लक्षात ठेव, प्रेमिला मावशी, नंबर एक."

"आनि तवरिक कुठं बसाचं?"

"विकास म्हटला की थोडी तकलीफ होते."

"कोनाले?" रुखमाबाईने विचारलं.

भाऊ हसला आणि घड्याळ पाहिलं. चंद्रभान दारापाशी जाऊन उभा राहिला, म्हणजे आता उठा. मला वाटलं आता प्रेमिला भांडेल. तिचं भांडण मी ऐकलेलं आहे, तिला कोणी थांबवू शकत नाही. पण ती उठली. बाहेर येऊन ऑटोवाल्याला म्हणाली, "मांगच्या गल्लीत घे. काळ्या फाटकापाशी."

रुखमाबाई लगेच समजली. बाकीच्यांनाही समजायला फार वेळ लागला नाही. तासाभरात भाऊच्या बंगल्यासमोर बाजार लागला. घोषणा नाही, झेंडा नाही. फाटकाला टेकून रुखमाबाईचे कांदे, फाटकाच्या बरोबर मधात प्रेमिलाची मेथी, पलीकडे मिरचीवाली, मग वालाच्या शेंगा. माणसं चालतील एवढी वाट त्यांनी मधे सोडली होती, बाजारात सोडतात तशी. लेआउटच्या बायांना कळलं आणि त्या पिशव्या घेऊन आल्या. काहींनी तर म्हटलं की इथं सावली बरी आहे.

चंद्रभान धावत आला. "हे काय लावलं? उठा, उठा."

"बाजार हाय," प्रेमिला म्हणाली. "गुरुवार नाही का आज?"

"इथं बाजार असते काय?"

"नाही ना. जिथं असते तिथं बसू दे, उठतो."

त्याने पोलिसाला फोन केला. एक हवालदार मोटारसायकलवर आला. "परवानगी काढली काय? मोर्चा आहे का?"

रुखमाबाईने तराजू वर धरून दाखवला. "मोर्चात कोनी कांदे तोलते काय, साहेब?"

हवालदाराने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्यालाही निवडणुकीच्या दिवसांत भाजीवाल्या बायांवर काठी उगारून टीव्हीवर यायचं नव्हतं. जाताना त्याने पाव किलो वांगे घेतले. वांग्यांचे पैसे त्याने दिले, तेवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

दुपारी भाऊ स्वतः आला. मला वाटलं, आता हा घरासमोरची गर्दी पाहून शरमेल. माझं वय झालं तरी मी माणसाबद्दल अजून असं काही वाटून घेते. तो गाडीतून उतरला, हात जोडले, आणि सरळ प्रेमिलाच्या दुकानात येऊन उकिडवा बसला. या वेळी मेथीची जुडी हातात घेतली. फोटोवाला गाडीतूनच उतरला होता. मागे बंगला, पुढे बाया, मधे भाऊ. प्रेमिलाने मान फिरवली, तर रुखमाबाईच्या बाजूने दुसरा फोटो घेतला.

संध्याकाळी मिनलने मोबाइल दाखवला. भाऊ हसून राहिला आहे, आणि खाली लिहिलं आहे, 'भाजी विक्रेत्या माता-भगिनींनी घरी येऊन आशीर्वाद दिला.' मिनलने ते प्रेमिलालाही वाचून दाखवलं. प्रेमिला म्हणाली, "अजून एकडाव वाच." मिनलने वाचलं. प्रेमिला अंगणाच्या कडेला गेली आणि थुंकली. तोंडात खर्रा होता खरा. पण त्या दिवशी ती खर्ऱ्यासाठी थुंकली नाही.

मतदान झालं, निकाल लागला. भाऊ पडला. आमच्यामुळे पडला असं मी म्हणणार नाही. आमचा लेआउट तो केवढा, आणि आमच्यातल्याही कितीतरी जणींनी ओट्याच्या आशेने त्यालाच मत दिलं, मला माहीत आहे कोणी दिलं ते. जो जिंकला तोही आभार मानायला आला. मी त्याला पत्रे दाखवले. तो म्हणाला, "आजी, कल्पना काही वाईट नाही. अभ्यास करू." दुसऱ्या दिवशी पत्र्यांवर भाऊच्या फोटोच्या जागी त्याचा फोटो लागला. पत्रे तेच.

आता ते पत्रे कोणाचे, हे कोणीच सांगत नाही. चंद्रभान म्हणतो, मांडववाल्याचे. मांडववाला म्हणतो, भाऊने नेले. भाऊ म्हणतो, ते ऑफिसचं काम. ऑफिसात मिनल रजा टाकून गेली, तर तिथला माणूस म्हणाला, आमच्या रेकॉर्डला तिथे मैदानच आहे, पत्रे नाहीत. रेकॉर्डमध्ये पोरं अजून क्रिकेट खेळत असतील. इथे ती गाड्यांच्या मधून रस्त्यावर खेळतात, आणि माझ्या दारासमोर हिरव्या मैदानाऐवजी टिन चमकते. उन्हाळ्यात डोळे उघडता येणार नाहीत.

बाजार मात्र अजून भाऊच्या फाटकासमोर भरतो. त्याची बायको नंदिनी पहिल्या गुरुवारी खिडकीतून ओरडली होती. दुसऱ्या गुरुवारी पिशवी घेऊन खाली आली आणि घासाघीस करू लागली. आता तिला हे सोयीचंच पडते. गिऱ्हाईकं त्याला 'भाऊचा बाजार' म्हणू लागली, ऑटोवालेही तसंच ओरडतात. प्रेमिला प्रत्येकाला टोकते. "भाऊचा नाही बापा. मैदानाचा बाजार हाय. इथं बसला फक्त." गिऱ्हाईक म्हणते, एकच तर झालं. ती म्हणते, "नाही झालं," आणि टमाटर तोलते.

मागच्या गुरुवारी मी तिच्याजवळच बसले होते. भाऊला कुठल्यातरी लग्नाला जायचं होतं, कडक कपडे घालून तो बाहेर आला. फाटकापाशी थांबला.

"मावशी, आता बस करा ना. गाडी काढाची आहे."

"काढा ना. आम्ही सरकतो."

"आजच्याचं नाही म्हणत. असं दर गुरुवारी किती दिवस? इलेक्शन संपलं. मी पडलो. मी आमदार नाही. मैदानाचं माह्या हातात काय आहे? ज्याच्या हातात आहे त्याच्या दारी जा."

प्रेमिलाने वांगे टोपलीत नीट लावले. "जागा नेली तवा तुमी आमदार होते काय?"

"नव्हतो."

"मंग. आमदाराले नाही देली मी जागा. तुमाले देली."

"पत्रे मी लावले असं कोणी सांगितलं तुम्हाले?"

"पत्र्याचं कोन बोलून राहिलं, भाऊ? जागेचं बोलून राहिली मी."

मिरचीवाली तोंड वर करून पाहत होती, दोन गिऱ्हाईकं पिशव्या धरून उभी होती. भाऊने एकदा माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी त्याच्या बाजूने काही बोलेन. मी शेंगा निवडत होते, निवडत राहिले. तो गाडीत जाऊन बसला. बायांनी टोपल्या मागे ओढल्या, ताडपत्री गुंडाळली, रुखमाबाईने कांद्यांचा ढीग दोन्ही हातांनी पोटाशी धरला. गाडी हळूहळू मधून निघाली, काळजीने, कोणाच्या पाल्यावरून चाक जाऊ नये अशी. तेवढं त्याला आता जमते.

गल्लीच्या टोकाला गाडी थांबली. मागचे लाल दिवे लागलेले मी पाहिले आणि मला वाटलं, माणूस परत येतो की काय. पण पुढे उसाचा हातठेला आडवा होता, त्याला वाट द्यायला थांबली होती. वाट मिळाली तशी निघून गेली, आणि बायांनी टोपल्या पुन्हा पुढे ओढल्या.